पंखाचा जोड

४ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याचं मार्चअखेर करायचंय, तोवर आणि त्यानंतरही काही दिवस ती आमच्याकडेच राहील. काळा चष्मा लावून खुर्चीत बसते आणि घरात कोण काय करतंय ते नुसत्या आवाजावरून ओळखते.

आता खरी बातमी. हसायचं असेल तर आधी हसून घे. मी विमान बांधतोय. रेडिओवर उडणारं, पाच फूट पंखाचं. आमच्या औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध न्यायला एक निवृत्त शिक्षक येतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बाहेरच्या मोकळ्या मैदानावर ते असली विमानं उडवतात. त्यांनी मला एक प्लॅन दिला, खऱ्या मापाचा. तो जेवणाच्या टेबलावर अंथरलाय, त्यामुळे आम्ही आठ दिवस ओट्याशी उभं राहून जेवतोय. हिचं म्हणणं, विमान उडेल तेव्हा उडेल, टेबल मात्र आधीच उडालं.

मी केलेल्या स्टुलावरून बाबा पडले होते, ही आठवण तू काढशीलच, म्हणून मीच काढतो. लाकूड बाल्सा नावाचं असतं, इतकं मऊ की नखाची खूण पडते. ब्लेडने कापताना ते फाटतं. आणि प्लॅनवर तुकडे ठेवून चिकटवले की कागदच लाकडाला चिकटून येतो. काय करू ते कळव. या वेड्यावरही लोभ असू द्यावा.

तुझा,
बारक्या

१३ जानेवारी

चि. बारक्यास अ. आ.

हसलो. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तीही हसली, आणि मग म्हणाली की भावजींना या वयातही काहीतरी नवं करायची हौस आहे. हे ती माझ्याकडे बघत का म्हणाली ते तिलाच ठाऊक.

ब्लेड नवं घे आणि एका घावात कापू नकोस, हलक्या हाताने तीनदा फिरव. प्लॅनवर पातळ प्लास्टिक पसर, म्हणजे कागद चिकटणार नाही. गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय एकही तुकडा चिकटवू नकोस.

इकडे नेहमीचंच. गेल्या आठवड्यात एका घरी सोळा खणांचं कपाट बसवलं. एकही खण अडकत नाही. मालकीणबाईंनी दोन उघडून बघितले आणि विचारलं, हा भुसा कोण झाडणार. तीस वर्षं मी हेच करतोय. कपाट उडत नाही, एवढाच त्याचा दोष. आईला नमस्कार सांग. माया आहेच, ती काही लिहून दाखवायला नको.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी प्लास्टिकची युक्ती लागू पडली. पंखाच्या बावीस फासळ्या कापून झाल्या. पहिल्या सात टाकून द्याव्या लागल्या, पुढच्या बावीस जमल्या. दोन अर्धे पंख तयार आहेत. मास्तर बघायला आले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पहिल्या खेपेला त्यांचंही इतकं साफ झालं नव्हतं म्हणाले. तेव्हापासून शेजारचे लोक काही ना काही निमित्त काढून येतात. हिने चहा देणं बंद केलंय.

आणि एक गंमत. काल आईने पंख मांडीवर मागितला. चष्म्यातून तिला धड दिसत नव्हतं, पण एकेका फासळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली की बाबांचा हात याच्यात उतरलाय. दादा, मला रात्रभर झोप लागली नाही.

आता एक महत्त्वाचं. दोन्ही अर्धे मध्यभागी जोडायचे आहेत, टोकं जराशी वर उचललेली. त्या जोडात आतून प्लायवूडचा तुकडा बसवा असं प्लॅनवर आहे. तेवढं पातळ प्लायवूड मला मिळालं नाही, म्हणून बाल्साचेच दोन तुकडे एकावर एक चिकटवून घातलेत. चालेल ना? सोबत चित्र काढून पाठवतोय. वरून प्लास्टिकची पातळ फिल्म चढवली की आतलं काही दिसणार नाही, म्हणून आत्ताच विचारतो. तुझ्या शब्दावर थांबलोय.

उत्तराची वाट पाहणारा,
बारक्या

१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. आ.

पत्र मिळालं. कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

फिल्म इस्त्रीने चिकटवायची असेल तर इस्त्री फार तापवू नकोस, मऊ लाकूड लगेच वाकडं होतं. आधी खालची बाजू कर, मग वरची. कडा बारीक काचकागदाने घासून घे. शेपटीच्या बिजागऱ्या चिकटवण्याआधी हलवून बघ.

बाकी तुला मी काय सांगणार? बाबांचा हात तुझ्याकडे आहे, मास्तरही आहेत. मी आपला दारं-खिडक्यांचा माणूस. आईला सांग, दादा खुशाल आहे.

आशीर्वाद आहेतच.
दादा

१२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

काय लिहू ते सुचत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

रविवारी विमान उडवलं. तू जोडाबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणजे ठीकच असणार असं धरून मी फिल्म चढवून टाकली होती. आईला हट्टाने नेलं होतं. मैदानाच्या कडेला, मास्तरांच्या शेजारी तिची खुर्ची मांडली. मास्तरांनी विमान वर नेलं, सरळ केलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. एक फेरी मी मारली. दादा, त्या एका फेरीचं मला वर्णन करता येणार नाही. दुसऱ्या वळणावर काडी मोडावी तसा आवाज झाला आणि दोन्ही पंख टाळी वाजवल्यासारखे वर मिटले. खाली आलं ते आईच्या खुर्चीपासून तीन पावलांवर. मोटार मातीत वीतभर रुतली. आईने शांतपणे विचारलं, काय पडलं. मास्तरांनी तिचा हात धरून सांगितलं की काही नाही, लाकूड पडलं.

मोडलेला पंख तपासला तेव्हा जोडच गेलेला दिसला. बाल्सा मधोमध चिरलं होतं. मास्तर म्हणाले, तिथे प्लायवूडच लागतं, आधी कुणाला विचारलं का नाहीस. मी म्हटलं, विचारलं होतं, पण माझं चित्रच धड नसणार. नीट काढलं असतं तर दादाच्या नजरेतून सुटलं नसतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझी. आई बरी आहे. तुझी सावली डोक्यावर अशीच राहू दे.

बारक्या

१८ मार्च

चि. बारक्यास अ. आ.

तुझं चित्र उत्तम होतं. कागद उघडला त्याच क्षणी मला दिसलं की हा जोड टिकणार नाही. तीस वर्षांत तेवढं तर कळतं.

मी लिहायला बसलो होतो. दोन ओळी लिहिल्याही. मग आईचं बोलणं आठवलं आणि कागद फाडला. बाबांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. रंधा मारून तळहात सोलून निघायचे. त्यांच्यामागे सुतारकामाचा कारखाना मी चालवला. तेव्हा माझ्यात कुणाला कुणाचा हात दिसला नाही, आणि तुझ्या एका पंखात आईला तो चष्म्याआडूनही दिसला. मला ते सोसलं नाही. मग मी इस्त्रीचं लिहिलं, कडांचं लिहिलं, बिजागऱ्यांचं लिहिलं, आणि तेवढं एक गाळलं. वाटलं, फार तर जमिनीवरच मोडेल, चार लोक हसतील, आणि तू परत मला विचारायला येशील. आई खाली बसलेली असेल हे मनात आलं नाही. मी तेवढा विचारच केला नाही.

तुझ्या वहिनीला सांगितलं. कालपासून ती ताट वाढते आणि माझ्याकडे पाठ करून बसते. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

लोभाचं कुठल्या तोंडाने लिहू?

दादा

२ एप्रिल

ती. दादास सा. न.

पंधरा दिवस लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं.

आईने दोनदा विचारलं, दादाचं काय पत्र आलं. मी म्हटलं, कामाची गडबड आहे. ही माझी तुझ्यासाठीची शेवटची थाप. तिला काय ते तू येऊन सांग.

आणि हेवा काय एकट्या तुलाच करता येतो? तू बाबांबरोबर डबा घेऊन कारखान्यात जायचास आणि मी खिडकीत उभा राहून तुम्हाला वळणापर्यंत बघायचो. पटाशीने माझं बोट कापलं त्या दिवसापासून बाबांनी मला हत्याराला हात लावू दिला नाही, पुस्तकं घे म्हणाले. संध्याकाळी तुमच्या दोघांच्याही कपड्यांना लाकडाचा वास यायचा. मी तुमच्यामध्ये बसलो तरी तो माझ्या कपड्यांना लागायचा नाही. विमान चांगलं झालं असं मला एकाच माणसाकडून ऐकायचं होतं. तो माणूस मास्तर नव्हे, आईसुद्धा नव्हे.

नवा पंख करतोय. प्लायवूड शोधून आणलंय. या खेपेला तुला काही विचारणार नाही. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी उडवणार आहे. ये, आणि चूक दिसली तर चारचौघांत सांग.

बारक्या

३ मे

चि. बारक्यास अ. आ.

तुझ्याकडून परतून चार दिवस झाले. आई माझ्याशी काय बोलली ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मी सगळं सांगितलं. ती उठून आत गेली ती संध्याकाळी बाहेर आली. मग डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली तेव्हा तू पुढे झालास, तर तिने तुझ्या हातातली बाटली माझ्याकडे द्यायला लावली. मान मागे टाकून बसली. माझा पहिला थेंब गालावर पडला. ती म्हणाली, “सावकाश. मला घाई नाही.” एवढंच.

विमानाबद्दल. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते वर गेलं, वळलं, उन्हात चमकलं, आणि माझ्या पोटात दुखलं. उडवण्याआधी तू पंख माझ्या हातात दिलास, फिल्म न चढवलेला मधला भाग मुद्दाम उघडा ठेवून. मी तो पंधरा मिनिटं बघत होतो. तुला वाटलं असेल, मी काळजीने बघतोय. मी चूक शोधत होतो. वाकवून बघितला, उजेडात धरला, काटकोन तपासला. सापडली नाही. चांगला झालाय जोड. मी केला असता तर याहून चांगला झाला नसता.

हा लोभ असाच ठेव. जास्त मागत नाही.

तुझा,
दादा

ता. क. विमान खाली उतरलं तेव्हा मी सगळ्यांच्या नंतर टाळ्या वाजवल्या. ते तू बघितलंस, आणि तू बघितलंस हे मीही बघितलं. पण वाजवल्या.