विनोदी कवितांचा हिरवा स्तंभ

धुळे,
रविवार, दुपारच्या झोपेला सुट्टी देऊन

प्रिय गनी,

तुला रावेरच्या केळीबागांची सावली आणि मला धुळ्याचा तापलेला पत्रा, अशी वाटणी करणाऱ्या वरच्याला आधी नमस्कार, मग तुला सलाम. तुझा खोकला कसा आहे? रहिमाभाभींचे गुडघे काय म्हणतात? (त्यांना जिना चढू देऊ नकोस, आणि तू वर बसून चहासाठी हाका मारू नकोस.) माझ्या तब्येतीत नवं काही नाही. डाव्या कानाने ऐकणं सोडलंय, पण सोनगीरच्या शाळेत तू बाकावर ठेका धरून म्हणायचास त्या कविता अजून त्याच कानात वाजतात. खिडकीतून किल्ला दिसायचा, वारा यायचा, आणि गुरुजी फळ्याकडे वळले की तुझा ठेका वाढायचा. असो, मी पुन्हा खिडकीत जाऊन बसलो. मुद्द्यावर येतो.

आमच्या वाचनालयातली रविवारची कविता-बैठक तू पाहिलीच आहेस. आम्ही म्हातारी माणसं जमतो आणि शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो. एका रविवारी निसर्गाच्या, एका रविवारी वीररसाच्या, कधी करुण, कधी विनोदी. तर आमचे चिटणीस रतिलाल (चांदणं पडलं तरी किती वॅटचं आहे असं विचारणारा माणूस) यांच्या मनात आलं की ती खोली झुंबाच्या वर्गाला द्यावी. मी कळवळून बोलायला लागलो, तर म्हणाले, “मोतीलालभाऊ, भावना नको, आकडे आणा. कोणत्या कवितेला सरासरी किती माणसं आली, गेल्या वर्षी किती, यंदा किती. जोडस्तंभालेख काढून आणा, मग समिती ठरवेल.” गनी, जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला या वयात आलेख कागद आणायला पाठवणं म्हणजे काय, ते तुला कळेल. पण बैठक गेली तर रविवारी संध्याकाळी मी कुठे जायचं, हे मला कळत नव्हतं. म्हणून कागद आणला.

रंग ठरवण्यात पहिला दिवस गेला. गेलं वर्ष पिकलं म्हणून त्याला पिवळा, यंदाचं अजून झाडावर म्हणून हिरवा. (हे तुझ्याच केळीच्या धंद्यातून घेतलं.) मग हजेरीची बेरीज करून स्तंभ काढले. निसर्गकवितांचा पिवळा स्तंभ थेट कागदाबाहेर! मी हुरळून सूनबाईला दाखवला. आमची प्रज्ञा ऑफिसात दिवसभर हेच करते. ती म्हणाली, “नाना, गेल्या वर्षी तुम्ही निसर्गाचेच रविवार जास्त घेतलेत. मग बेरीज जास्त येणारच. प्रत्येक प्रकाराची बेरीज त्याच्या रविवारांनी भागा.” भागलं. डोंगराचं टेकाड झालं. पुन्हा काढलं, पण कागद अपुरा पडेल या भीतीने मी खालच्या रेघेवर शून्याऐवजी दहा लिहिलं. त्याबरोबर गेल्या वर्षीचा निसर्ग सोनगीरच्या किल्ल्याएवढा आणि यंदाचा पायथ्याच्या ढेकळाएवढा दिसू लागला. खरा फरक दोन माणसांचा! प्रज्ञा म्हणाली, “नाना, खालची दहा माणसं कुठे पुरलीत? शून्यापासून सुरू करा.” मी मुकाट्याने ती दहा माणसं उकरून काढली.

शेवटी चित्र असं झालं: निसर्ग किंचित खाली, वीररस जागच्या जागी, करुण (माझा लाडका) जरा खचलेला; आणि विनोदी कवितांचा हिरवा स्तंभ मात्र पिवळ्याच्या दुप्पट. मला हर्ष झाला. मग आठवलं. यंदाच्या एका विनोदी रविवारी तू केळीच्या ट्रकबरोबर आला होतास आणि दारात केळीचे घड टांगले होतेस. गल्ली लोटली, झुंबाच्या बायासुद्धा. तू कविता म्हणायला उभा राहिलास, तिसऱ्या कडव्याशी अडलास, तीनदा पहिल्यापासून आलास आणि मग हात जोडून लोकांनाच विचारलंस, “आते पुढे काय शे, भाऊ?” हसता हसता रतिलालांचा चष्मा सालींत पडला. प्रज्ञा म्हणाली, “एका रविवाराने सगळी सरासरी वर ओढलीय, नाना. हे खाली लिहायला हवं.” मी लिहिलं, मुंगीलाही भिंग लागेल एवढ्या अक्षरांत.

रतिलालांनी भिंग आणलं होतं. समितीपुढे मोठ्याने वाचून म्हणाले, “म्हणजे ही वाढ कवितेची नाही, केळ्यांची!” माझा चेहरा पडला. तेवढ्यात झुंबाच्या वर्गातल्या बेबाबाई (त्याही समितीवर आहेत) म्हणाल्या, “मंग बिघडनं काय? आखो एक डाव देखू द्या ना!” ठरलं ते असं, की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी विनोदी बैठक घ्यायची आणि माणसं रतिलालांनी स्वतः मोजायची. गर्दी झाली तर खोली आमची, नाहीतर झुंबा.

तुला त्रास द्यावा असं मनात मुळीच नाही. सहज खुशाली कळवली. भाभींना सलाम सांग.

तुझा बाकशेजारी,
मोतीलाल

ता. क. शेवटच्या रविवारी धुळ्याकडे ट्रक निघत असेल तर दोन घड टाकून दे. तू नाही आलास तरी चालेल. ते तिसरं कडवं तुला अजून येत नसणारच.

पुन्हा ता. क. पत्र प्रज्ञाने वाचलं आणि तुझा रविवार वगळून पुन्हा सरासरी काढली. हिरवा स्तंभ तरीही पिवळ्याच्या वर बोटभर उरतो! असं कसं, म्हणून विचार केला. तू रावेरला परत गेल्यापासून प्रत्येक विनोदी रविवारी दोघं-चौघं नवे डोकावतात आणि विचारतात, “ते रावेरवाले येणार का आज?” मी दर वेळी सांगतो, “निघालेत, रस्त्यात आहेत.” तेव्हा केळी राहू दे. तू ये. आणि कडवं पाठ करून येऊ नकोस.

अगदी शेवटचं. केळीही आणच. माणसं रतिलाल मोजणार आहेत, आणि रिकाम्या पोटी ते फार कमी मोजतात.