उफराटी ऐरण

कोपरखैरणे
रविवार

प्रिय गीतू,

अक्षर बघून घाबरू नकोस, मी चांगला धडधाकट आहे. आई तुला सांगेल की बाबांच्या उजव्या अंगठ्याला लागलंय, म्हणून असं गिचमिड लिहिलंय. तिला तेवढंच ठाऊक आहे. दीड वर्ष झालं, तू घरात पाऊल टाकलं नाहीस आणि मी तुला फोन केला नाही. केला असता गं, पण फोनवर मी ओरडतो. तीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात घणाशेजारी उभं राहून कान गेलेत. मी प्रेमाने बोललो तरी पलीकडच्याला दम दिल्यासारखं वाटतं. आई म्हणाली, मग लिहा, कागदाला आवाज नसतो. म्हणून बसलोय.

बातमी अशी की मी मागच्या अंगणात लोहारकामाची भट्टी मांडली. हस, हस. वाशीच्या बँकेतली नोकरी सोडून तू बेंगळुरूला लोहारकाम शिकायला निघालीस, तेव्हा ज्या माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं, तोच आता सकाळी उठून कोळसा फोडतो. रिटायर झाल्यावर टीव्हीसमोर बसून वेड लागायची पाळी आली, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगतो. लोकांना पटतंही.

आपलं अंगण ते केवढं! आईचा कढीपत्ता आणि कपड्यांची दोरी हलवायलाच आठवडाभर वाटाघाटी झाल्या. ऐरण तुर्भ्यातच एका भंगारवाल्याकडे मिळाली, गंजलेली पण अस्सल. एपीएमसीतले चार माथाडी बोलावले. कांद्याच्या गोणी खेळण्यासारख्या टाकणारी माणसं ती, पण ऐरण उचलताना एकाच्या तोंडून अशी शिवी निघाली की आईने खिडकीच लावून घेतली. आणि तुझ्या बापाने काय करावं? ती थेट लादीवर ठेवली. पहिल्याच घावाला चार लाद्या तडकल्या. तीस वर्षं लोखंड ठोकून ही अक्कल! मग लाद्या उखडल्या, खड्डा खणला, बाभळीचा ओंडका पुरला, भोवती वाळू ठासून भरली, तेव्हा कुठे ती हलायची थांबली. भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेकड्रम, त्याला हाताने फिरवायचा पंखा. धुराला पत्र्याचं नळकांडं, पार छपराच्या वर नेलेलं. पाण्याचं पिंप आणि वाळूची बादली आईच्या हुकमाने.

शेजारच्या करिमुन्निसाभाभींनी पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकं काढलं. भाऊ, माझ्या लोनच्याच्या बरन्या फळीवर नाचायला लागल्या, म्हणाल्या. मग तह झाला. सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात, आणि शुक्रवारी अकरानंतर हातोडा नाही. त्यांच्या मासळीच्या विळीचं पातं मी तापवून, ठोकून, पाणी पाजून नीट करून दिलं, तर दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सात विळ्या दारात. आता त्याच माझी वकिली करतात. तुझी चौकशी करतात गं. गीता कधी येनार, म्हणून विचारतात. मी पंखा जोरात फिरवतो आणि ऐकू आलं नाही असं दाखवतो.

मागच्या आठवड्यात किसन आला होता, कारखान्यातला माझा जोडीदार. तुला आठवेल, तुला खांद्यावर बसवून फिरवायचा. भट्टी पाहिली आणि त्याने कपाळाला हात लावला. सुधीर, तुझं डोकं फिरलंय का, सगळं उफराटं मांडलंस की! ऐरणीची निमुळती चोच उजवीकडे. भट्टी उजव्या हाताला, हातोडे डाव्या हाताला. सांडशी हातात घेतली तर तिचे जबडेही उलटे जोडलेले. शिवाय ऐरण इतकी खाली की माझी कंबरच मोडेल. आता काय आरशात बघून ठोकणार का, म्हणाला, आणि बाह्या सरसावून ऐरण फिरवायलाच निघाला. मी ओरडलो, हात लावू नकोस तिला! आणि या वेळी कानांमुळे नाही, खरंच ओरडलो. बिचारा चहा न घेताच गेला. त्याला मी सांगू शकलो नाही. तुलाच आधी सांगायचं होतं.

गीतू, तू पाच वर्षांची होतीस. घास डाव्या हाताने घ्यायचीस. आजी म्हणायची, सासरी नावं ठेवतील. मलाही लाज वाटायची, चार माणसांत पंगतीला बसलो की. मग मी कारखान्यातून माझा चामड्याचा हातमोजा आणला आणि जेवायच्या वेळी तुझ्या डाव्या हातात घालायला लागलो. कोपरापर्यंत यायचा तो तुला. तू ओरडली नाहीस, हट्ट केला नाहीस. खाली बघून उजव्या हाताने भात सांडत जेवायचीस, आणि मी आईला म्हणायचो, बघ, सवय लागतेय. वर्षभर चाललं होतं हे. पुढे शाळेत तुझ्या अक्षरावरून बाई रागवायच्या, तेव्हा मीही रागावलो.

आणि ते कॅलेंडर. तू अकरा वर्षांची असशील. मी दारात आलो तेव्हा तू स्टुलावर उभी राहून खिळा ठोकत होतीस, डाव्या हाताने. तीन घाव. खिळा सरळ आत. असा घाव मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जमला होता, गीतू. मला तो कळला, तिथल्या तिथे कळला. आणि मी काय केलं? तुझ्या हातातून हातोडा काढून घेतला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून बेंगळुरूला जायच्या दिवशी तुला म्हणालो, आधी हातोडा सरळ हातात धरायला शीक, मग लोहार हो. तू बॅग उचललीस आणि वळूनही पाहिलं नाहीस. बरोबर केलंस.

म्हणून भट्टी उफराटी आहे. कपाटातला तुझा निळा कुर्ता तुझ्या खांद्याएवढ्या उंचीवर खुंटीला अडकवला, बाही जिथे संपते तिथून मूठभर खाली खूण केली आणि ऐरण त्या खुणेपाशी येईल असा ओंडका कापला. सांडशी मीच घडवली, उलट्या जोडाची, बाजारात तशी मिळत नाही. मग वाटलं, डावखुऱ्या माणसाला ही मांडणी सोयीची आहे की नाही, ते बघायला तर हवं. म्हणून रोज सकाळी मी डाव्या हाताने ठोकायला लागलो. कसलं काय! घाव भलतीकडे जायचा. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या सोमवारी छिन्नी उजव्या हातात धरली होती, तर घाव नेमका अंगठ्यावर बसला. हात आपलाच, पण आपलं ऐकत नाही. असा संताप येतो! मी हातोडा खाली ठेवला. आणि मला तो हातमोजा आठवला.

अंगठा बुधवारीच बरा झाला, गीतू. आईला सांगितलेलं नाही. हे पत्र मी डाव्या हाताने लिहितोय, आज नववा दिवस. चार ओळी लिहितो, बोटं आखडली की थांबतो, मग पुन्हा बसतो. अर्धे कागद फाडले, एकदा चिडून पेन फेकलं. मला कोणी रागवायला नव्हतं, तरी एकसष्टाव्या वर्षी रडू आलं. तू पाच वर्षांची होतीस. माफ कर असं म्हणायलाही मला लाज वाटते, पण म्हणतो. तिकडची मोठी भट्टी सोडून कायमची ये असं नाही म्हणत. चार दिवस ये. तू ठोक, मी पंखा फिरवतो. हातोडा डाव्या बाजूला टांगलाय.

तुझाच,
बाबा