धाकट्याच्या मागे पाचवा

३ एप्रिल, रविवार

कात्रीने आज मला कापलं! सगळ्यांदेखत.

बेसबॉलच्या मॅचच्या आधी बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. कात्री बॅटिंगचा क्रम वाचत होता. "तिसरा वेल्डर. चौथा..." मी सवयीने उठायला लागलो होतो. "...चौथा, धाकटा." अर्धा उठलेला माणूस परत खाली बसताना कसा दिसतो, ते सगळ्या टीमने आज फुकटात बघून घेतलं.

पाचवा मी.

कारखान्यात हा हजेरीचा साहेब, मैदानावर टीमचा मॅनेजर. दोन्हीकडे धंदा एकच, कापाकापी. कात्री हे नाव मीच ठेवलंय त्याला. आता भोगतोय.

आणि चौथा कोण, तर माझा सख्खा भाऊ! ज्याला बॅट धरायला मी शिकवलं. घरी येताना म्हणतो, "दादा, एका नंबराचा तर फरक आहे. आता जरा आराम कर, मी आहे ना." वर हसला. त्याचं ते हसणं. सगळे दात दाखवून.

५ एप्रिल, मंगळवार

दिवसभर बाटल्या तपासल्या. उजेडाच्या पडद्यासमोरून सरकत जातात. बुडबुडा दिसला, चीर दिसली, की उचलायची आणि भंगारात टाकायची. आज चांगल्यासुद्धा दोन-चार टाकल्या. फुटतानाचा आवाज बरा वाटला.

१० एप्रिल, रविवार

एका नंबराचा फरक काय असतो, ते आज कळलं.

चौथा म्हणजे घरातला कर्ता. पहिल्या तिघांनी बेसवर जाऊन उभं राहायचं, चौथ्याने मारून त्यांना बेसवरून पळवत घरी आणायचं, तेव्हा गुण मिळतो. पाचवा म्हणजे कर्त्याच्या मागे काठी घेऊन उभा असलेला राखणदार. राखणदार तगडा असेल तर पिचर चौथ्याला सरळ चेंडू टाकतो, कारण त्याला सोडून जाणार कुठे? पण राखणदार लेचापेचा निघाला, की काम सोपं! चौथ्याला चार वाईट चेंडू टाका, फुकट पहिल्या बेसवर पाठवा, आणि पाचव्याला गाठा.

साबण कारखान्याची टीम होती. पहिल्यांदा धाकट्याने चेंडू पार झाडांत घालवला. दुसऱ्या खेपेला आमचे दोघे बेसवर उभे, धाकटा बॅट घेऊन आला, तर त्यांच्या मॅनेजरने नुसती चार बोटं वर केली. जा बाबा, फुकट जा.

भावाला सोडलं. मला गाठायला!

लोकांमध्ये हशा पिकला. मी आत गेलो तर पाठीशी बसलेला त्यांचा कॅचर मास्कमागून म्हणतो, "काका, लवकर आटपा, भूक लागलीय." काका! तीनदा हुकलं की बाद. मी तीन चेंडूंत बाद झालो. रागाने डोळ्यांपुढे अंधारी आली होती, चेंडू दिसलाच नाही. शेवटच्या खेपेला पुन्हा चार बोटं, पुन्हा हशा, पुन्हा मी बाद.

घरी आल्यावर आई म्हणाली, "धाकट्याला चेंडूच टाकत नाहीत म्हणे. घाबरतात त्याला!" अगदी कौतुकाने. मला का घाबरत नाहीत, ते नाही विचारलं.

१४ एप्रिल, गुरुवार

सरावात सहा चेंडू कुंपणापार. लागोपाठ! कात्री शेजारी उभा होता. म्हणाला, "इथे काय मारतोस? इथे बघायला कोण आहे?"

१७ एप्रिल, रविवार

बिस्किटवाल्यांविरुद्ध हरलो. पुन्हा तेच. धाकट्याला सोडतात, मी बाद होतो. मनापासून मारायला जातोय, पण पाचव्या नंबरावर उभं राहिलं की हातापायांत काहीतरी आखडतं. चौथ्यावर होतो तेव्हा डोकं रिकामं असायचं. आता चेंडू यायच्या आधीच हशा ऐकू येतो.

मॅच संपल्यावर धाकटा नळावर तोंड धुता धुता चिडून म्हणाला, "दादा, एक तरी मार ना रे! तू मारलंस तर ते मला टाकतील. तू असा बाद होत राहिलास तर मी काय, नुसता फुकट पळत राहू?"

"बघतो," म्हणालो.

वाटेत डोक्यात आलं. त्याचा गळा माझ्या हातात आहे. आणि हे मला त्याने स्वतः सांगितलं!

२० एप्रिल, बुधवार

राजधानीच्या मोठ्या संघाचा माणूस येणार आहे. पगारी खेळाडू ठेवतात तो संघ. धाकट्यासाठी येतोय, आठ मेला. कात्रीने जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खात्याला ओरडून सांगितलं. पॅकिंगच्या बायकांनी धाकट्याला मधे घेऊन टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून लाजत होता. नाटकी!

मी उजवा खांदा झिजवला या टीमसाठी. माझ्यासाठी कधी कोणी आलं नाही. साधं कुत्रं नाही.

आई शेजारणीला सांगत होती, "माझा एक तरी निघाला."

एक तरी.

२४ एप्रिल, रविवार

आज मुद्दाम केलं.

लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. पहिला चेंडू ताटाएवढा दिसत होता. टाके मोजावेत इतका स्पष्ट. बॅट त्याच्या खालून नेली, टीचभर खालून. वाटतं तितकं सोपं नाही ते! चुकायचं, पण चुकतोय असं दिसलं पाहिजे. अंग पूर्ण फिरवायचं, दात-ओठ खायचे, नंतर बॅट आपटायची. मी सगळं केलं. लोक हसले. हसा लेको!

मी बाद होऊन परतलो तेव्हा धाकटा पहिल्या बेसवर कमरेवर हात ठेवून उभा होता. तहानलेल्याला नळ दिसावा आणि पाणी गेलेलं असावं तसा चेहरा. पूर्ण मॅचमध्ये मारण्याजोगा एक चेंडू नाही मिळाला त्याला.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२७ एप्रिल, बुधवार

ही आज भाजी निवडताना म्हणाली, "सरावात एवढं लांब मारता, मग रविवारीच काय होतं तुम्हाला?"

"वय झालं," म्हणालो.

"वय काय फक्त रविवारीच होतं?" आणि बघत राहिली. मी उठून बाहेर गेलो. या बाईपुढे तोंड उघडायची सोय नाही.

१ मे, रविवार

धाकटा बिघडायला लागला!

आज तो वाईट चेंडूंच्या मागे धावला. हातभर बाहेरचे, जमिनीला टेकणारे, काहीही. जे सोडून दिले असते तर आरामात पहिल्या बेसवर गेला असता, ते मारायला गेला आणि बाद झाला. दोनदा. कात्री बाकावरून ओरडत होता, "सोड ना! सोड म्हणतोय ना!" ऐकायला तयार नाही. हाव सुटली आहे. माणूस बघायला येणार म्हटल्यावर धीर कुठला?

परत आला तेव्हा मी पाठीवर हात ठेवला. "होतं असं." त्याने माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखा हसला, पण दात कमी दिसले.

नंतर कात्रीचा आवाज ऐकला, सामानाच्या खोलीतून. "पुढच्या रविवारी वेल्डर पाचवा. तुझा भाऊ म्हणजे तुझ्या गळ्यातला धोंडा आहे." धाकटा म्हणाला, "दादाच राहू दे." कात्री म्हणाला, "मर मग."

म्हणजे आता दया! माझा नंबर घ्यायचा आणि वर दान म्हणून मला पाचवा वाढायचा. थांब, दाखवतो तुला दया.

५ मे, गुरुवार

धाकट्याने नवी बॅट घासून ठेवली आहे. आईने त्याचा शर्ट दोनदा इस्त्री केला. माझा मी केला.

८ मे, रविवार

आत्ताच लिहितो. सगळे इस्पितळात आहेत. मीच घर सांभाळतो म्हणून परत आलो.

तो माणूस आला होता. पांढरी टोपी, कुंपणाला टेकून उभा. साबणवाल्यांचा डावखुरा पिचर टाकत होता. पहिल्या खेपेला धाकट्याला चारही चेंडू बाहेर. फुकट बेस. मग मी. बॅट चेंडूच्या वरून नेली, बाद. टोपीवाल्याकडे मुद्दाम बघितलं. त्याने जांभई दिली.

दुसऱ्या खेपेला आमचे दोघे बेसवर होते. पुन्हा बाहेर, बाहेर. धाकटा पुढे सरकला. अगदी रेघेवर, वाकून, कुठलाही चेंडू ओढून मारायचाच या हिशोबाने. कात्री ओरडला, "मागे हो!" डावखुऱ्याने त्याला मागे ढकलायला एक आत, अंगाजवळ टाकला. धाकटा आधीच बाहेर झुकलेला होता. चेंडू थेट बोटांवर बसला, बॅटच्या मुठीवर.

तो आवाज बाटली फुटल्यासारखा नव्हता. ओला होता.

पुढचा नंबर माझा, म्हणून सगळ्यांत जवळ मीच उभा होतो. सगळ्यांत आधी मीच पोचलो. बोटं भलतीकडेच वळली होती. तो ओरडला नाही. नुसतं "दादा" म्हणाला, लहानपणी पडल्यावर म्हणायचा तसं. टोपीवाल्याने स्वतःच्या गाडीतून त्याला नेलं, आई सोबत गेली. मलाही बसायला सांगत होते. कात्रीने दंड धरला. "तू गेलास तर बॅटिंगला कोण? खेळ."

खेळलो.

चेंडू अंगाला लागला की पहिला बेस फुकट, म्हणून तिन्ही बेस भरलेले. धाकट्याच्या जागी दुसरा कोणी पळायला उभा. डावखुरा घाबरलेला, चेंडू मधोमध आला. मी चुकायला विसरलो! अंगाने आपोआप केलं. कुंपणापार, रस्त्यापलीकडे. चौघे घरी. मॅच जिंकलो.

लोक उभे राहिले. बायका डोळे पुसत होत्या. "भावासाठी मारला!" कॅचरनेसुद्धा मास्क काढून माझा हात हातात घेतला.

९ मे, सोमवार

डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील, पण मूठ पूर्ण मिटणार नाही. पेन धरता येईल. बॅट नाही.

धाकटा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोपला नव्हता.

१२ मे, गुरुवार

कारखान्यात जो तो पाठ थोपटतो. "भाऊ असावा तर असा!" माझ्या पडद्यासमोर कोणीतरी फुलं ठेवून गेलं. कात्री स्वतः माझ्या खात्यात आला. "रविवारपासून चौथा तूच."

हवं होतं तेच झालं. मग आज एवढ्या फुटक्या बाटल्या माझ्या नजरेतून सुटल्या कशा?

१५ मे, रविवार

चौथा खेळलो. सगळे चेंडू सरळ, मधोमध. चार बोटं कोणीच वर केली नाहीत. मला फुकट सोडावं असं कोणालाच वाटलं नाही.

चार खेपा. चारही वेळा बाद. आज मनापासून मारत होतो.

१७ मे, मंगळवार

संध्याकाळी आईबरोबर वाळलेले कपडे काढत होतो. धाकटा आत झोपलेला. आई आपली सहज बोलली, कपड्यांच्या घड्या घालत.

"तो टोपीवाला बघायला नव्हता आला रे. न्यायला आला होता. सगळं आधीच ठरलं होतं. त्याला काही मारून दाखवायचं नव्हतं."

"मग वाईट चेंडूंच्या मागे का धावत होता?" मी विचारलं.

"मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, 'आई, मला फुकट सोडलं की लोक दादाला हसतात. म्हणून मिळेल तो मारून बघतो.'"

मग आईने पदराने डोळे टिपले. "त्या दिवशी ऑपरेशनला नेताना मला एकच विचारलं त्याने. 'दादाने मारला का?'"