बाबांचे दोन आवाज

प्रिय ठकू,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू भलतंच काही समजशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, बाबा आहेत. खिडकीपाशी खुर्चीत बसलेत आणि समोरच्या रस्त्यावर कोण चुकीच्या गिअरमध्ये गाडी काढतंय ते बघून भुवया चढवतायत. उजवा पाय सोडला तर बाकी काही हलत नसलं तरी भुवई अजून हलते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. फोनवर सांगायला गेले असते तर तू मला मध्येच तोडलं असतंस, मग मी रडले असते आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

बाबा ज्यातून बोलतात त्या लॅपटॉपमधून त्यांचा आवाज का जातो, त्याबद्दल लिहायचंय. तू तिकडे ऑफिसचं काम बाजूला टाकून त्या फोरमवर अनोळखी लोकांना प्रश्न विचारत बसलीस, मला रोज नव्या कमांड पाठवल्यास, आणि मी रोज तुला म्हणत राहिले की बाई, काही सापडत नाही. खरं तर सापडलं होतं. ते कसं सापडलं आणि मी का लपवलं, हे क्रमाने सांगते. तेवढा धीर धर.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तुला माहीतच आहे. बाबांची छाती थकत चाललीय. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही हे ठरवा, आणि ते त्यांचं त्यांनी सांगायला हवं, बायकोने किंवा मुलीने नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांना जिन्यावरून उतरवायचं म्हणजे चार माणसं लागतात, म्हणून त्या फोनवरच विचारणार होत्या. उत्तर द्यायच्या आत छाती बसली तर अ‍ॅम्ब्युलन्सवाले कुणाला न विचारता मशीन लावणार. म्हणजे उत्तर न देणं हेही ‘हो’च होतं. हे मी तेव्हाच मनात नीट टिपून ठेवलं. टेलिफोन एक्सचेंजच्या तक्रार विभागात आयुष्य गेलंय माझं, कुठली लाइन मुकी राहिली तर काय होतं ते मला कळतं.

त्या रविवारी तू तिकडून आमच्या लॅपटॉपात शिरलीस आणि तो ज्यावर चालतो ते लिनक्स सगळं नवं केलंस. नवी आवृत्ती, आवाजाची नवी व्यवस्था, आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या त्या जुन्या यंत्राच्या आवाजाच्या जागी बाबांचा स्वतःचा आवाज. त्यांची जीभ जड व्हायला लागली तेव्हा तू हट्टाने त्यांच्याकडून ती शेकडो वाक्यं वाचून घेतली होतीस. बाबा वैतागून म्हणाले होते, की मी ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, मला काय बातम्या वाचायला बसवतेस. त्या वाक्यांमधून तू त्यांचा आवाज घडवलास. किती खपली असशील त्यावर, मला कल्पना आहे.

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आतून हाक आली, ‘अगं, पाठ खाजतेय.’ मी ‘आले हो’ म्हणत, हातातला चिमटा तसाच घेऊन आत धावले. खोलीच्या दारात आल्यावर लक्षात आलं की हे ओठ बरेच महिने हललेले नाहीत. मी पाठ खाजवली आणि त्यांना दिसू नये म्हणून मागेच उभी राहून रडले. तू मोबाइलच्या पडद्यावर टाळ्या वाजवत होतीस. आणि मग म्हणालीस, बाबा, आता तुमचा आवाज आलाय, तर या आवाजात एकदा मला ‘हो’ म्हणून दाखवा, मग डॉक्टरांना सांगा. बाबा बराच वेळ पायाखालचं बटण दाबून अक्षरं निवडत होते. शेवटी आवाज आला, ‘विचार करतो.’

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मुका झाला.

नव्या आवृत्तीनंतर तुला तिकडून आत शिरता येईना, म्हणून मी इथून माझ्या पद्धतीने कामाला लागले. तक्रार आली की एका टोकापासून सुरुवात करायची आणि घोडं कुठे पेंड खातंय ते बघत दुसऱ्या टोकाला जायचं. स्पीकरची वायर बदलली. आवाज कुठे म्यूट झालाय का ते पाहिलं. तू सांगितलेली चाचणी लावली तेव्हा त्यातली परदेशी बाई ठणठणीत आवाजात ‘फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट’ म्हणाली. म्हणजे स्पीकर ठीक, नवी व्यवस्था ठीक, फक्त बाबांचा आवाज गप्प. मग तू बोलणाऱ्या सर्व्हिसची, म्हणजे लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्थिती बघायला सांगितलीस. मी बघितली आणि तुला सांगितलं की बंद दाखवतंय. पण तिथे नेमका कुठला शब्द होता, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. सर्व्हिस आपणहून कोसळली की ती ‘फेल्ड’ दाखवते, लाल अक्षरात, हे तूच मला शिकवलं होतंस. इथे लाल काहीच नव्हतं. ‘इनॅक्टिव्ह’ होतं. म्हणजे ती पडली नव्हती. कुणीतरी तिला रीतसर थांबवलं होतं.

या घरात त्या लॅपटॉपला हात लावणारी मी एक. आणि पाय लावणारे ते एक.

तुला आठवतं ना, तू त्यांना पहिल्यांदा हे सगळं शिकवायला बसलीस तेव्हा त्यांनी काय विचारलं? आधी म्हणाले, हे लिनक्स फुकट मिळतंय म्हणजे गळकं असणार. तू म्हणालीस की बाबा, यात बॉनेट उघडून आत हात घालता येतो. ते त्यांना पटलं. ज्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही ती गाडी नव्हे, पेटी, असं म्हणाले. आणि मग म्हणाले, चालू कसं करायचं ते नंतर, आधी थांबवायचं कसं ते दाखव. शिकाऊ माणसालाही ते पहिल्या दिवशी चालवायला शिकवायचे नाहीत, थांबवायला शिकवायचे. तू त्यांना सर्व्हिस थांबवायची कमांड शिकवलीस आणि ती त्यांनी पाठ केली. त्यांच्या त्या उजव्या पायाखाली आज तुझं बटण आहे, आणि आयुष्यभर त्याच पायाखाली शिकवणाऱ्याच्या बाजूचा जादा ब्रेक होता. जित्याची खोड म्हणायला गेले आणि पुढचे शब्द गिळले.

मी सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि दुपारी भाजी निवडायला म्हणून त्यांच्या मागे बसले. पडद्यावर अक्षरांच्या रांगा एकामागून एक उजळत होत्या. हवी ती रांग आली की पाय दाबायचा, मग त्या रांगेतलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचा. किती वेळखाऊ काम ते तुला माहीत आहे. इंग्रजी अक्षरांचा तक्ता उघडून ते एकेक अक्षर वेचत होते. मध्येच पाय थकायचा, रांग निघून जायची, ते पुढच्या फेरीची वाट बघायचे. मी समोर जाऊन उभी राहिले तरी थांबले नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी स्वतःचा आवाज बंद केला.

मला संताप आला, ठकू. आजारी माणसावर चिडू नये हे मलाही कळतं, पण मी चिडले. पोरीने रक्त आटवून दिलेला आवाज, आणि तुम्ही तो नळासारखा बंद करता? असं बरंच बोलले. ते ऐकत राहिले आणि मग लिहायला लागले. आवाज नव्हताच, त्यामुळे मला उभं राहून एकेक अक्षर वाचावं लागलं. त्यांनी लिहिलं, ‘टिनपाट परत आण.’ टिनपाट म्हणजे तुझा तो जुना पत्र्याचा आवाज, त्यांनीच ठेवलेलं नाव. कशाला, म्हणून विचारलं. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तोवर उत्तर पुरं झालं. ‘डॉक्टरांना “नाही” सांगायचंय. तुझ्या तोंडी नको. माझ्या आवाजात नको. ठकूच्या कानात राहील.’

मी लॅपटॉप मिटला. आणि तिथून पुढे मी जे केलं ते तुला सांगायची मला लाज वाटत नाही, पण अभिमानही नाही. मी काहीच केलं नाही. जुना आवाज तुझ्या नव्या आवृत्तीत निघून गेला होता आणि तो परत बसवायचं मी टाळलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला की सांगायची, यंत्र बिघडलंय, मुलगी बघतेय. तुला सांगायची, सापडत नाही. तू आणखी कमांड पाठवायचीस, मी त्या चालवायचीसुद्धा नाही. मुकी लाइन म्हणजे ‘हो’, हे मी टिपून ठेवलं होतंच. मला ते हवे होते गं. भोक पाडून, नळी लावून, भिंतीला जोडून, कसेही. चढवलेल्या भुवईसकट.

मग एका सकाळी त्यांना पाणी देताना ठसका लागला. ते मी तपशिलात लिहीत नाही. डोळे पांढरे झाले होते आणि मी पाठीवर थापा मारत देवाला नाही, तुला हाका मारत होते. कसंबसं सावरलं. बराच वेळ आम्ही दोघं नुसते धापा टाकत बसलो. मग त्यांनी नजर लॅपटॉपकडे नेली. मी उघडला. त्यांनी मला ओरडण्यासारखं किंवा समजावण्यासारखं काही लिहिलं नाही. दोनच वाक्यं लिहिली. ‘पाय काढ. मी आहे ना.’

तू त्यांच्या गाडीत शिकलीस, तुलाही हे हजारदा ऐकवलं असेल. मी लग्नाआधी त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा समोर ट्रक दिसला की घाबरून ब्रेकवर उभीच राहायची. गाडी रस्त्याच्या मधोमध गचके खाऊन बंद. मागचे शिव्या घालायचे. आणि हे शांतपणे म्हणायचे, पाय काढा, मी आहे ना. माझा पाय ब्रेकवर आहे हे त्यांनी लॅपटॉप मिटला त्याच दिवशी ओळखलं असणार. मी म्हटलं, हो, तुम्ही आहात ना, पण तुम्ही असणार नाही हाच तर वांधा आहे.  

त्या दुपारी मी टिनपाट परत बसवला. सोपं नव्हतं, तुझ्या आईचं कौतुक कर. नव्या व्यवस्थेला तो जुना आवाज आधी ओळखताच येईना. बसला तरी यादीत दिसेना. शेवटी कळलं की कुठला आवाज वापरायचा ते एका फाइलमध्ये एका ओळीत लिहिलंय, आणि तिथे अजून बाबांचंच नाव आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती ओळ मी बदलली.  बाबांचा आवाज काढून टाकला नाही. तो तिथेच आहे, नुसता थांबवलेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरला. त्यांनी विचारलं, समजून उमजून सांगताय ना. टिनपाट आपल्या त्या गंजक्या सुरात म्हणाला, ‘हो. मशीन नको. गुदमरू देऊ नका.’ त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. गुदमरू देणार नाही, असं त्यांनी कबूल केलंय. त्यासाठी घरी येणारी नर्स आणि औषधं ठरलीत. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. मी विचारायचं सोडलंय.

आता पत्र लिहायचं कारण. परवा बाबांनी मला सांगितलं, तिला बोलाव. मी म्हटलं, बोलावते, पण ती आल्या आल्या लॅपटॉप उघडून बसेल आणि मग तुम्हाला मनवत बसेल. तेव्हा त्यांनी जे लिहिलं ते तुला जसंच्या तसं कळवायचं कबूल केलंय. ते म्हणतात, तू आलीस की टिनपाट थांबवणार आणि स्वतःचा आवाज स्वतः सुरू करणार. तुझ्याशी त्याच आवाजात बोलणार, तुझी गाडी कशी चालतेय, तू अजून वळणावर क्लच दाबून ठेवतेस का, असलं काहीबाही. अट एकच, त्या आवाजाला मशीनचं विचारायचं नाही. त्या आवाजाने तुला आजवर एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही आणि तो तसाच तुझ्याकडे राहावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. तेव्हा लवकर ये पोरी, आणि दुरुस्त करायला बसू नकोस. काही बिघडलेलं नाही.

तुझीच,
आई