गणितप्रमुखांची सही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावोजी बरे असतीलच. ते घरी भावोजी आणि शाळेत आमचे गणितप्रमुख. खाली लिहिते ते फक्त गणितप्रमुखांबद्दल, भावोजींबद्दल मला आदरच आहे.

ज्या घरांतून आजवर कुणी वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात पाऊल टाकलं नाही, तिथली मुलं त्या वर्गात बसवायची, हे समुपदेशक म्हणून माझं काम. यंदा इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी आहे. शाळेनं तिचा हसरा फोटो 'गणित सर्वांचं' अशा फलकावर छापून त्याच वर्गाच्या दाराला लावला. मुलगी दारावर, आत मात्र नाही! शुक्रवारी प्रवेशाची मुदत संपते, आणि अर्जावर गणितप्रमुखांची सही हवी. ते म्हणाले, "झेपायचं नाही तिला. तिच्या भल्यासाठीच सांगतोय." (दुसऱ्याचं भलं या गृहस्थांना कायम मागच्या बाकावरच सापडतं.) आपल्या कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या सिस्टर आठवतात? इंग्रजीचा गंध नसलेल्या मला त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं, पेन्सिलीला टोक करून दिलं. झेपेल की नाही, हे त्यांनी बसवल्यावर पाहिलं.

मग मी एक उद्योग केला. मुलीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकलं आणि ती स्टाफरूममध्ये त्यांच्यापुढे सरकवली. "वा! पोरगा नाव काढणार," म्हणत त्यांनी चार जणांना बोलावून दाखवली. मी कागद सोलला. गणितप्रमुखांनी नाव वाचून उत्तरपत्रिका माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "पेपर फारच सोपा होता." ताई, पेपर त्यांनीच काढला होता! एवढी हुशारी त्यांनी फळ्यावर दाखवली असती तर वर्ग पास झाला असता.

तुझी,
(शाळेत 'तोंडाळ बाई' म्हणून प्रसिद्ध) धाकटी

ता. क. अर्ज सोबत जोडला आहे. तू पुढे केलेल्या कागदावर भावोजी न वाचता सही करतात, हे तूच मला सांगितलंस. चहाच्या वेळी पुढे कर.

ता. क. २. वरचं रद्द. पाकीट चिकटवताना मुलगी आली आणि तिनं मलाच झापलं: "बाई, चोरून सही नको. नाही म्हणायचं तर वाचून म्हणू देत." तेव्हा ताई, आधी त्यांचा चष्मा शोधून दे.