धुरी न दिलेली मुळं

प्रिय छियाओयुन,

तुझा खोकला बरा आहे का? झेंगझोऊला थंडी पडली असेल. लोकरी मोजे घालतेस ना? आधी आनंदाची बातमी सांगतो, नाहीतर आजी म्हणेल, म्हाताऱ्याच्या पत्राला नेहमी सुतकच असतं.

गुडघ्याच्या औषधाची आपली निउशी निघाली! छिन नदीच्या गाळाने यंदा कमाल केली. छातीभर खोल चर खणून आम्ही मुळं मोकळी केली. एक मूळ तर उभं धरलं तर आजीच्या खांद्यापर्यंत पोचलं, टोकसुद्धा तुटलं नाही. शेजारचा फू म्हणाला, "देमाओ, हे औषध आहे की बैलाचा कासरा?" आजीने लगेच ते त्याच्या गळ्यात घातलं. "कासराच आहे, चल, हो नांगरापुढे." सगळं शेत हसत होतं. मीही हसलो, तुझ्या रविवारच्या फोननंतर पहिल्यांदाच.

तू सांगितलंस, गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी तिसऱ्यांदा मेल्या. इतरांच्या काचेच्या बश्यांत वाढतात, तू आपल्या मुळांचा अर्क घातलास की माना टाकतात. "माझ्या हाताला यशच नाही, आजोबा. महिनाअखेरीस प्रयोगशाळा सोडते नि घरी येते." तू घरी येणार म्हणून खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून घास उतरत नाही. लहानपणी तू आजीचे गुडघे चोळायचीस आणि विचारायचीस, आतली गादी झिजली तर नवी का उगवत नाही? मी चौथी शिकलेला, मी काय सांगणार? ते शोधायलाच तर तू तिथे गेलीस.

परवा अंगणात मुळं वाळत घालताना आजीने विचारलं, "अहो म्हातारबा, पोरीला पाठवलेली मुळं एवढी पांढरीशुभ्र कशी होती?" मी म्हणालो, "गंधकाची धुरी दिली होती. शहरात काय मळक्या तोंडाची पाठवायची?" तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "आणि हे तिला सांगितलंत?"

नाही सांगितलं. लाज वाटते, पण आज लिहितो आहे. तू विचारलं होतंस, मुळांवर काही फवारलंय का? मी नाही म्हणालो, आणि खरंच फवारलं नव्हतं. धुरी माझ्या मनातच आली नाही. आमच्याकडे ती आंघोळीसारखी. आंघोळ केली हे कोण सांगत बसतं? त्यात नातीसाठी म्हणून मी दोनदा दिली. पेशी त्यानेच मेल्या का, ते मला कळत नाही, तूच तपास. पण तपासल्याशिवाय सोडू नकोस, आणि आपल्या हाताला बोल लावू नकोस. यंदाची मुळं नुसत्या उन्हात वाळताहेत, तपकिरी, सुरकुतलेली, आजी म्हणते थेट माझ्यासारखी. पार्सलवर माझा भरवसा नाही. वीस तारखेच्या सकाळच्या बसने आम्ही दोघंच घेऊन येतो. तुझ्या सरांनी विचारलं तर सांग, चूक आजोबांची. नाव पूर्ण सांग, शांग देमाओ. आणि ते फार रागावणारे असतील तर आधी कळव, म्हणजे आजीला पुढे करतो.

तुझाच,
बसच्या तिकिटांची आतापासूनच काळजी करणारा
आजोबा