एक किलोची निकाली फाईल

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
अभिलेख विभाग

विषय: उजव्या मांडीच्या व्यायामासाठी एक किलो वजनाची निकाली फाईल मिळणेबाबत.
संदर्भ: गहाळ फाईलीबाबत आपली लेखी विचारणा, दि. ९.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मी तळघरातील अभिलेखांची लिपिक असून बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी दुखते. बावीस पायऱ्या उतरताना व खालच्या फळीसाठी उकिडवे बसताना तर विशेषच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितले की वाटी निर्दोष आहे, कामचुकार आहे ती मांडी. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू वाटीला तिच्या खाचेत धरून ठेवतो. तो ढिला पडला की वाटी बाहेर सरकते व घासते. यावर सासूबाईंचे म्हणणे, "आमची चार बाळंतपणं झाली, पण मांडीची एवढी चौकशी कुणी केली नाही."

२. हे दुखणे मी अंगावर काढले असते. परंतु माझी तेरा महिन्यांची लेक चालू लागली, ती लंगडतच. मी धास्तावून तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला चालवून पाहिले, मग मला चालवून पाहिले आणि म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. नक्कल मात्र झकास करते." तेव्हापासून माझी मांडी ही माझी खासगी बाब राहिलेली नाही.

३. व्यायाम असा: खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचे, पाय सावकाश खाली. पुढे बाईंनी घोट्याला एक किलो वजन बांधायला सांगितले. मी टपालाच्या काट्यावर बऱ्याच फाईली ठेवून पाहिल्या. एकच नेमकी एक किलो भरली. तिच्यावरची धूळ पाहता तिला कोणी वाली नसावा, असे वाटले. तिच्याच नाडीने ती टेबलाखाली घोट्याला बांधू लागले.

४. दि. ९ रोजी आपण फाईल मागितली आणि सारे कार्यालय कपाटांवर चढले. मीही मनापासून शोधली. क्रमांक मी कधी वाचलाच नव्हता. मला ती फक्त 'एक किलो' म्हणून ठाऊक होती. शिपाईकाका म्हणाले, "ताई, तुमचा पाय दुखतोय, तुम्ही बसा बघू." मी बसले, फाईल बांधली आणि दहापर्यंत मोजले. काल नाडी सोडताना क्रमांक नजरेस पडला. तो आपण मागितलेलाच निघाला.

५. झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. जी शिक्षा द्याल ती मान्य, फक्त ती पायऱ्यांची नसावी. मात्र परवा लेक पलंगापासून दाराकडे सहा पावले सरळ चालली व सातव्याला लंगडली. सबब, मूळ फाईल परत घेऊन तितक्याच वजनाची, आपल्याला निवृत्तीपर्यंत आठवणार नाही अशी फाईल मंजूर करावी. पुढील महिन्यात दीड किलो लागेल. सातवे पाऊल आपल्या सहीवर अडले आहे.

आपली नम्र व सध्या बसलेली,
(सही)
अभिलेख लिपिक, तळघर
दि. १४

सोबत:
१. फिजिओथेरपिस्ट बाईंची चिठ्ठी.
२. मूळ फाईल, सर्व पानांसह. (नाडी थोडी ताणली गेली आहे.)